न घेतलेले शेक

टप... टप, टप... असा आवाज यायचा बघा, पत्र्यावर. लोणी काळभोरला आमच्या परसात न्हाणीपाशी पत्रा होता, पहाटे वडील तिथं लघवीला बसायचे — थेंब थेंब, किती वेळ. आम्ही पोरं गोधडीत हसायचो. मी जरा जास्तच. त्याच दुखण्यात गेले ते. — बसा ना, सुदर्शनराव. तुम्ही विचारलंत, ते रेडिएशनचे शेक घेताना आग होते का, तिकडंच येतोय मी. तर मला हे निघालं, प्रोस्टेटचा कॅन्सर, तेव्हा पहिला तो पत्राच वाजला कानात. आणि डॉक्टर काय म्हणाले? म्हणाले, बाबा, गाठ लहान आहे, सुस्त आहे, तिला छेडायचं नाही. दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचं, नुसती नजर ठेवायची. आता हे घरी कसं सांगायचं? कॅन्सर आहे आणि औषध नाही — कोण खरं मानणार? म्हणतील, म्हाताऱ्यात काही उरलं नाही म्हणून सोडून दिलं. मलाही तसंच वाटलं, खोटं कशाला बोलू. मग बायकोला म्हटलं, यमुने, शेक सुरू केलेत. पस्तीस आहेत.

रोज बस धरून बिबवेवाडीला जायचो, बागेत बसायचो, बाराला परत. ती बिचारी नारळपाणी घेऊन दारात — शेकानं उष्णता होते म्हणून. पस्तीस नारळ प्यायलो मी, सुदर्शनराव. संडासात अजून नळ सोडून ठेवतो. तिला वाटतं, विसरतो. मला माझाच आवाज ऐकवत नाही.

एकही शेक घेतला नाही हो मी. आग होते का, मला काय माहीत? तुम्हाला महिनाभर सांगत आलो — काही होत नाही, एकट्यानं जाऊन येता येतं — ते सगळं बागेतल्या बाकावर बसून रचलेलं. तुमची गाठ वेगळी, तुम्हाला घ्यायलाच सांगितलेत, ते चुकवू नका. पण उद्या पहिल्या शेकाला तनुजाला सुट्टी घेऊ द्या. माझ्याकडं बघून लेकीला येऊ नको म्हणालात ना, तेव्हापासून घास उतरत नाही. नाहीतर मी येतो बरोबर. बाहेर बसेन. बसायची सवय आहे मला.

उठलात?... बरोबर आहे. — अहो, लिफ्ट बंद आहे आज. कठडा धरून... सावकाश.