पायरीवरचे पाहुणे

जर्मनीत हायडेलबर्गला किल्ल्याच्या वाटेवर घर म्हटलं की तुम्हाला हेवा वाटतो ना? अरे, आमच्या पायरीवर दिवसभर टुरिस्ट बसलेले असायचे! सायकल बाहेर काढायची तर आधी त्यांना उठवायचं. एकदा ऑफिसातून आले, तर साताऱ्याहून आलेल्या माझ्या सासूबाई त्याच लोकांना तांब्या-भांड्यानं पाणी देत होत्या.

मी वैतागलेच. "अहो आई, अशानं रोज येतील ना हे!"

"येऊ देत की," त्या म्हणाल्या. "महिना झाला मला इथे. तुमच्याकडे शेजारीणसुद्धा आठवडाभर आधी वेळ ठरवून, टेर्मिन घेऊन येते. न विचारता दारात येणारे एवढेच."

दुसरा तांब्या मीच भरून आणला.