थॉमसचं गोत्र

अहो, गोत्राचं काय घेऊन बसलात! आमच्या तंजावुरच्या अप्पांचं ऐका. साठ सालच्या आसपास तिथं एक इंग्रज म्हातारी आली. तिच्या खेड्यातल्या आठशे वर्षं जुन्या चर्चमध्ये भिंतीवर एक शिळा होती : ‘शिपाई थॉमस, तंजावुरास वारला.’ आपल्या गावच्या त्या पोराचं थडगं शोधायला ती एवढ्या लांब आलेली. अप्पांनी तिला सगळी ख्रिस्ती स्मशानं हिंडवली, पण थडगं काही सापडेना. बाई रडायलाच लागल्या.

अप्पा म्हणाले, “अम्मा, उद्या अमावास्या. कावेरीकाठी तिरुवैयारुला चला.”

कावेरीत अप्पा थॉमसच्या नावानं तीळपाणी सोडणार, तोच भटजींनी थॉमसचं गोत्र विचारलं.

“काय म्हणाले?” बाईंनी विचारलं.

“थॉमस कुणाच्या घरचा, म्हणाले.”

“मग?”

“आमच्या, म्हटलं.”