पहिली वीस सेकंद

अक्षता : सकाळी मी आले तेव्हा तू याच स्क्रीनसमोर होतास. जेवणं झाली, आईची भांडी झाली, आणि साहेब अजून 'हाउस'मध्येच.

अनिरुद्ध : 'हाउस' कधीच संपलं, ताई. आता 'डीप हाउस'ची गाणी लावतोय.

अक्षता : फरक काय दोन्हींत?

अनिरुद्ध : सांगून कळणार नाही तुला.

अक्षता : मग नकोच सांगू. मला पेनड्राइव्हवर आईचं गाणं दे, मी निघते. संपतदादा ट्रकला स्पीकर बांधतोय. संध्याकाळच्या आत गाणं हातात पाहिजे म्हणाला. परवा जयंती आहे, हे तुमच्या हिंजवडीत कळवलंय ना कुणी?

अनिरुद्ध : रजा टाकलीय मी. आणि देतो ना गाणं. एवढं फोल्डर होऊ दे. मध्ये सोडलं की मला आठवत नाही कुठपर्यंत आलो होतो. नऊ हजार गाणी आहेत, ताई, गंमत नाही. प्रत्येकाचा जॉनर ठरवायचा.

अक्षता : जॉनर म्हणजे प्रकार, असंच ना? तुमची ती सगळी गाणी तर कॉम्प्युटरवरच केलेली. एकच प्रकार झाला की.

अनिरुद्ध : बघ, म्हणून सांगत नव्हतो. इलेक्ट्रॉनिकमध्ये किती प्रकार आहेत माहितीये? लोक सगळं एका पोत्यात कोंबतात. माझ्याकडे नाही चालत तसं.

अक्षता : नऊ हजार. ऐकतोस कधी रे एवढी?

अनिरुद्ध : ऐकायला कुणाला वेळ आहे. पहिली वीस सेकंद बास होतात. ठेका कळला, बेस कळला, टाकलं फोल्डरमध्ये, पुढचं गाणं.

अक्षता : म्हणजे मुलगी बघायला जायचं आणि पोहे यायच्या आत उठायचं. तरीच तुझं कुठे जमत नाही.

अनिरुद्ध : झालं तुझं? थांब, आता ऐकवतोच तुला. हे 'ट्रान्स'... हं. ऐकलंस? आणि आता हे 'टेक्नो'.

अक्षता : दोन्हीकडे मिक्सर चालू आहे. पहिल्यात चटणी, दुसऱ्यात नुसतं पाणी.

अनिरुद्ध : तुला दगडाचे कान आहेत. बरं, हे शेवटचं. हे माझ्याकडचं सगळ्यात भारी आहे. पाच स्टार दिलेत. कुणाचं आहे माहीत नाही, नुसतं 'ट्रॅक तीन' म्हणून आलंय कुठल्यातरी सीडीवरून. पण बर्लिनचं असणार, मी लिहून देतो. कंपनीच्या बसमध्ये सगळ्यांना ऐकवलंय मी हे. ठेक्याच्या मागे ती वाफ सुटते ना, ती ऐक. कारखान्यात उभं राहिल्यासारखं वाटतं. याला 'इंडस्ट्रियल टेक्नो' म्हणतात.

हिरा : (स्वयंपाकघरातून, घोगऱ्या आवाजात) अक्षे, कुकर कुणी लावला गं?

अक्षता : कुणी नाही, आई. हे टेक्नो आहे.

हिरा : मंग बारीक कर म्हनावं. डाळ लागंल खाली.

अनिरुद्ध : केलं बंद. या घरात काही ऐकवायची सोयच नाही.

अक्षता : चिडू नको. गाणं दे, मी जाते, मग तू तुझ्या कारखान्यात उभा राहा.

अनिरुद्ध : देतोय. आईचं 'इतर'मध्ये असणार.

अक्षता : 'इतर'मध्ये काय असतं?

अनिरुद्ध : ज्याला जॉनर नाही ते. रिंगटोन, कुणाच्या लग्नाच्या व्हिडिओतला आवाज, ऑफिसच्या ट्रेनिंगची भाषणं. जयंतीची गाणीपण तिथेच ठेवली होती.

अक्षता : आईचं गाणं तू रिंगटोनच्या शेजारी ठेवलंस.

अनिरुद्ध : मग कशात ठेवू? संपतदादाने आईच्या आवाजाखाली डीजेचा धिंगाणा लावला म्हणून ते इलेक्ट्रॉनिक होत नाही. भीमगीत म्हणावं तर त्यात पेटी नाही, ढोलकी नाही. धड हे नाही, धड ते नाही. मी काय वाईट अर्थाने म्हणत नाही.

अक्षता : चांगल्या अर्थाने म्हणून दाखव मग. आणि खरं सांग, बसमध्ये मित्रांसमोर ते चुकून लागायला नको, म्हणूनच बाजूला काढलं होतंस ना?

अनिरुद्ध : तसं काही नाही.

अक्षता : ऐकवलंयस कधी त्यांना? 'ही माझी आई' म्हणून?

अनिरुद्ध : विषय कुठे नेतेस तू. शोधू दे मला.

अक्षता : शोध.

अनिरुद्ध : 'हिरा' टाकून काही येत नाही. 'आई' टाकून... नाही. 'जयंती'... थांब. 'इतर' फोल्डरच दिसत नाहीये.

अक्षता : दिसत नाहीये म्हणजे?

अनिरुद्ध : काल सगळं या नव्या लॅपटॉपवर घेतलं ना, तेव्हा नियम लावला होता. 'इतर'मधलं, ज्याला जॉनर नाही ते, घ्यायचं नाही. स्वच्छ लायब्ररी हवी होती मला.

अक्षता : जुन्या कॉम्प्युटरवर असेल की.

अनिरुद्ध : तो आज सकाळी ऑफिसातला जयसिंग घेऊन गेला. फॉरमॅट करून दिला त्याला.

अक्षता : म्हणजे सगळं पुसून.

अनिरुद्ध : हो. पण संपतदादाकडे असेलच ना. दर वर्षी वाजवतो तो.

अक्षता : त्याच्या दुकानात गेल्या पावसाळ्यात पाणी शिरलं, तेव्हा कॉम्प्युटर गेला त्याचा. म्हणून तर मला पाठवलंय. 'अनिरुद्ध एवढा सॉफ्टवेअरमध्ये, त्याच्याकडे नीट ठेवलेलं असणार,' असं म्हणाला बिचारा.

अनिरुद्ध : अगं सीडी आहे. त्याने आईला दिलेली. कपाटात होती ती.

अक्षता : गॅलरीत जा.

अनिरुद्ध : गॅलरीत कशाला?

अक्षता : कबुतरं फार झाली होती. सीडी टांगली की चमकते आणि ती येत नाहीत, असं कुणीतरी आईला सांगितलं. तूच म्हणालास तेव्हा, टांग, सीडीचा जमाना गेला.

अनिरुद्ध : मला काय माहीत ती कुठली सीडी टांगणार आहे... ही? ताई, हिचा मुलामा उडालाय. आरपार दिसतंय यातून.

अक्षता : बघ, जॉनर दिसतो का पलीकडे.

अनिरुद्ध : प्लीज. आता टोमणे नको.

अक्षता : का नको? गेल्या जयंतीला आई स्टेजवर चढली, तेव्हा तू होतास का? गळ्याच्या ऑपरेशननंतर पहिल्यांदाच माईक हातात घेतला तिने. एक ओळ म्हटली आणि आवाज फाटला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, चांगले आहेत लोक. घरी येऊन साडीसुद्धा न बदलता बसून राहिली. यंदा येतेस का विचारलं तर म्हणाली, माझं काय काम तिथं. म्हणून मी मंडळात भांडून घेतलं की मिरवणूक आईच्या गाण्याने निघणार. तिला ट्रकच्या पुढे उभी करणार होते मी. आणि तू ते गाणं कचरा म्हणून फेकलंस.

अनिरुद्ध : कचरा म्हटलं नाही मी.

अक्षता : म्हटलं नाहीस, फेकलंस. मला इतका राग आलाय ना, अन्या, की तुझा तो लॅपटॉप मी कबुतरांसाठी टांगेन.

हिरा : (बाहेर येत) काय चाललंय दोघांचं? शेजारी ऐकत्यात.

अनिरुद्ध : काही नाही, आई.

अक्षता : काही नाही कसं? आई, याने तुझं पाटीचं गाणं पुसलं. कुठेच राहिलं नाही आता.

हिरा : आसं व्हय.

अनिरुद्ध : मुद्दाम नाही गं, आई. मला वाटलं सीडी आहे.

हिरा : सीडी म्या टांगली. त्यात तुझं काय. जाऊ दे. गेलं तर गेलं. लोणीला माहेरी व्हते तवापासून गाते मी, एका गाण्यानं काय व्हतंय.

अक्षता : आता गाता येतं का तुला?

हिरा : न्हाई.

अक्षता : मग जाऊ दे कसं म्हणतेस? नऊ हजार गाणी आहेत याच्याकडे. त्यात एक आपल्या आईचं असू नये?

अनिरुद्ध : जयसिंगला फोन करतो. त्याने अजून काही भरलं नसेल तर कदाचित परत काढता येईल. कदाचित.

हिरा : फोन राहू दे. आधी मघाचं लाव.

अनिरुद्ध : मघाचं काय?

हिरा : ते कुकरचं.

अनिरुद्ध : आई, कुकर नाहीये तो. आणि आत्ता नको, माझं डोकं चालत नाहीये.

हिरा : लाव म्हनते ना.

अनिरुद्ध : घे. लावलं. हे असंच आहे पुढे.

अक्षता : काय ऐकतेस, आई?

हिरा : गप जरा. हां, ही शिट्टी. शिट्टीच्या आदी फुसफुसतंय बघ. झाकनाची रिंग सैल झालेली तवा. बदलू बदलू म्हनत वरीसभर तशीच वापरली.

अनिरुद्ध : आई, हे बर्लिनचं आहे.

अक्षता : बर्लिनला जायला आपल्या विश्रांतवाडीच्या कुठल्या स्टॉपला उतरतात रे?

हिरा : संपत आला व्हता मशीन घिऊन. म्या म्हनलं, बाबा, बसून गायला मला सवड न्हाई, सैपाक करता करता गाते, घ्यायचं तर घे. तर मधीच कुकर बोलला. म्हनलं, थांब, परत गाते. तर म्हनला, मावशी, लई झ्याक आलंय, ही शिट्टीच ठेवतो पुढं, ठेक्यात. हात काढ तिथनं. बंद कशाला करतोस?

अनिरुद्ध : वीस सेकंदांची सवय आहे. पण आवाज कुठे आहे तुझा? एक मिनिट झालं, नुसता ठेका आहे.

हिरा : आसंच हाय ते. म्या बी भांडले व्हते त्येच्याशी. तर म्हनला, मावशी, मिरवणूक काय लगीच निघतीय व्हय? पुडारी यायचे, फोटू काढायचे, मंग ट्रक हालनार. तवर ठेका चालू पायजे, न्हाईतर पोरं पांगत्यात. ट्रक हालला की तुमचा आवाज.

अक्षता : आणि तू मिरवणुकीला नेहमी शेवटाला येतोस. सुरुवात कधी ऐकलीस? खरं तर मीही ओळखलं नाही. ट्रकवर कानठळ्या बसतात, ही वाफबिफ ऐकू कुठे येते.

अनिरुद्ध : शक्यच नाही हे. म्हणजे 'ट्रॅक तीन' आईच्याच सीडीवरून आलं होतं? पाच स्टार दिलेत मी याला. लोकांना नावं ओळखायला लावली. संपतदादाला मी काय काय बोललोय...

हिरा : आता हालला बघ ट्रक.

गाणं : पाटी दिली हाती, बाबा, पाटी दिली हाती... शेण उचलणाऱ्या बोटां लागली शाईची माती...

अनिरुद्ध : आई.

अक्षता : गप. कुणी बोलू नका.

गाणं : पाटी दिली हाती, बाबा, पाटी दिली हाती...

अनिरुद्ध : केवढा मोठा आवाज आहे गं तुझा.

हिरा : व्हता.

अक्षता : पेनड्राइव्ह घे. आधी कॉपी कर, मग रडायचं ते रड. आणि दोन ठिकाणी ठेव.

अनिरुद्ध : रडत नाहीये. नाव टाकतोय. 'ट्रॅक तीन' काय म्हणायचं. गायिका... हिरा. आई, आडनाव लावू?

हिरा : लाव की. चोरीचं हाय व्हय.

अक्षता : आणि जॉनर?

अनिरुद्ध : आहे तेच. टेक्नो. मीच ठरवलंय, आता बदलत नाही.

अक्षता : आणि बसमध्ये?

अनिरुद्ध : त्यांना अर्धंच ऐकवलं होतं. आता पुढचं ऐकवतो, आणि कोण आहे तेही सांगतो. हं, झालं, कॉपी झालं. घे, ताई. संपतदादाला म्हणावं... राहू दे, मीच येतो तुझ्याबरोबर. गाडीची किल्ली घे. मी हे बंद करतो आणि निघू.

हिरा : बंद नको करू.

अनिरुद्ध : आई, तो थांबलाय तिकडे.

हिरा : थांबू दे. तिसऱ्या कडव्यात चुकले हाय मी. संपतला म्हनलं व्हतं, त्येवढं परत घे. त्यानं काय घेतलं न्हाई.

अनिरुद्ध : कुठे चुकलीस?

हिरा : बस की जरा. येतंय.