धा मोजायच्या आत

जुना चॅम्पियन भारी की नवा, यावर तुम्ही आत्ता भांडलात म्हणून आठवलं. आमच्या म्हसवडला स्टँडसमोरच्या हॉटेलात हाच वाद रोज रंगायचा. बापू फौजेतनं पेन्शनीत आलेला, पलटणीचा जुना हेवीवेट बॉक्सर. त्याचा पोरगा शंकर त्याच पलटणीचा नवा हेवीवेट. ऐन भरातला बापू आणि आत्ताचा शंकर लढले तर कोण जिंकेल, एवढाच प्रश्न.

म्हातारे अण्णा पैलवान म्हणायचे, "पोरगं तुला पाडंल गड्या."

"पाडू द्या की! धा मोजायच्या आत उठंन आन त्येला झोपवीन."

"आरं, पाठ टेकली की संपलं! परत उठायचं कसलं?"

"आवं अण्णा, ही कुस्ती न्हाई. हितं पडल्याला उठायला पंच धा मोजंस्तवर सवड देत्यात."

अण्णांना हे कधीच पटलं नाही. दोघं लय तापायचे, आणि आम्ही रिकामटेकडे हसून घ्यायचो.

एकाहत्तरच्या लढाईत शंकर गेला. घरी तार आली.

तेरावं झाल्यावर बापू हॉटेलात येऊन बसला. अण्णाच आधी म्हणाले, "बापू, माझंच चुकत हुतं रं. तू धा मोजायच्या आत उठला असतास. तूच जिंकला असतास."

बापूनं चहा बशीत ओतला, पण तोंडाला लावला नाही.

"न्हाई अण्णा, तुमचंच खरं. पाठ टेकली की संपलं. माझ्या पोरासाठी कुनी एक आकडासुदीक मोजला न्हाई."