दाजींची डिश

च्या निवायच्या आत सांगतो. आमची आक्का गडहिंग्लजहून कोल्हापुरात दिलेली. दाजी तिला उठता-बसता सुनावायचे, "तुझ्या म्हायेरास्नं कधी लाडवाची बुट्टी आली न्हाय, गल्लीत वाटायला!"

आन् एके दिवशी दाजींनी माडीवर ही मोठी डिश बसवली. डिशनं आभाळातलं चित्र धरायचं आन् केबल टाकून घरोघरी द्यायचं, असा बेत. अख्खी गल्ली टीव्हीपुढं बसली, तर पडद्यावर नुसत्या मुंग्या!

शेवटी डिशवाल्याला बोलावलं. त्यानं वर बघितलं आन् दाजींना इचारलं,

"अण्णा, हिचं तोंड मुंबईकडं का केलंय?"

"टीव्ही मुंबईस्नं येतोय की!"

"न्हाय वो. हिला उपग्रह दिसाय पायजे. त्यो दक्षिणेला, लई उंच, एका जागी थांबलाय."

"दक्षिणेला? तिकडं तर गडहिंग्लज हाय!"

गल्ली खो-खो हसली. डिश फिरवली, आन् आरशागत लख्ख चित्र आलं.

आक्का कपबशा घेऊन दारात उभी व्हती. वर डिशकडं बघत म्हणाली, "आली बगा म्हायेरची बुट्टी. वाटा आता गल्लीत!"