वाचनालयाच्या रेडिओच्या चिठ्ठ्या

आदरणीय अध्यक्ष प्रभाकरराव, जे आपल्या कन्याशाळेचे चालकही आहेत, व्यासपीठावरचे मान्यवर, सरकारी नोकरीत बढती मिळून खांडव्यास निघालेले आपले वाचनालयाचे सेक्रेटरी वसंतराव, आणि बुऱ्हाणपूरकर बंधुभगिनींनो,

सभागृह इतकं भरलेलं पाहून वसंतरावांना भरून आलं, असं ते मघाशी म्हणाले. गैरसमज नसावा. हे प्रेम नव्हे. इथे प्रत्येकजण आपली चिठ्ठी कुठे आहे ते पाहायला आलाय.

वाचनालयात रेडिओ एकच आणि ऐकणारे साठ. भांडणं नकोत म्हणून आपण रीत पाडली, की ज्याला जे स्टेशन हवं त्याने चिठ्ठीवर नावासह लिहून पेटीत टाकावं. चिठ्ठी वाचून लगेच फाडावी, हा नियम भिंतीवर अजून टांगलेला आहे. तो लिहिला कुणी? वसंतरावांनीच. अक्षर सुंदर आहे त्यांचं.

आपले शिपाई उखर्डूबोवा सांगतात, "मी रोज जाळाले नेत होतो, तं सेक्रेटरी म्हने, रहू दे, कामी पडतीन." चिठ्ठ्या तारेत ओवल्या गेल्या. दोन वर्षांच्या!

गेल्या वर्षी निजामाच्या हैदराबादेत पोलीस कारवाई झाली, तेव्हा चौकीचा एक जमादार सहज विचारून गेला, इथे तिकडचं स्टेशन कोण ऐकतं? विचारणं तोंडी होतं, हुकूम नव्हता, कागद नव्हता. वसंतरावांनी मात्र लेखी यादी दिली, वर दोन प्रतींत! एक चौकीला, एक कन्याशाळेला. यादीत एकच नाव: कन्याशाळेच्या शिक्षिका निर्मलाबाई, अकरा वेळा हैदराबाद. बाईंची नोकरी त्याच आठवड्यात गेली. वसंतरावांची बढती जरा उशिरा आली, सरकारी काम म्हटलं की वेळ लागतोच.

बाई मागच्या रांगेत बसल्या आहेत. कृपया माना वळवू नका, वर्षभर वळवल्या नाहीत तशाच राहू द्या.

मंडळाने ठरवलं, सेवेची आठवण म्हणून ही चिठ्ठ्यांची तार शालीसोबत वसंतरावांना द्यावी. केवढी ही रसिकता! ती बांधायला माझ्याकडे दिली, तेव्हा मी त्यातल्या अकरा चिठ्ठ्या काढून घेतल्या. अध्यक्षमहाराज, ह्या घ्या. पहिली ओळ यादीत होतीच: हैदराबाद, बातम्या. दुसरी ओळ वसंतरावांनी उतरवलीच नाही. अकराही चिठ्ठ्यांवर आहे ती: 'भाऊ औरंगाबादेस नोकरीला आहे, पत्र नाही.'

भाऊ दिवाळीत सुखरूप परतला. नोकरी परतली नाही. शाळा सोमवारी उघडते आहे.

मला बोलायला बोलावलंत, त्याबद्दल मंडळाचा आभारी आहे. उरलेल्या चिठ्ठ्या उखर्डूबोवा बाहेर शेगडीत टाकत आहेत, ज्याला खात्री करायची असेल त्याने उभं राहून पाहावं. माझ्या बोलण्यात काही अधिक-उणं झालं असेल तर माफी मागतो. पण प्रभाकरराव, त्याआधी तुम्ही मागच्या रांगेत जाऊन या.