गार पाणी

गुडघा दाखवायला इस्पितळात बसले होते. कानात बोळे घालून बसायची मला सवय नाही. शेजारच्या बाकावर दोन मुली होत्या, टोपीवाली मोठी आणि दोन वेण्यांची धाकटी. त्यांच्या आया पलीकडे बसल्या होत्या.

"मी नाही जाणार आत. मागच्या वेळी सुई तीनदा टोचली," धाकटी म्हणाली.

"आई जवळ होती ना?"

"हो. रडत होती."

"मग बरोबर. ती रडली की तू हात आखडतेस, आणि शीर सापडत नाही. सुईच्या वेळी आईला घालवायचं."

"कसं?"

"गार पाणी मागायचं. मी दर वेळी मागते."

"मग मी एकटीच?"

"एकटी कशी? सिस्टर असते की. मूठ आवळायची आणि आपणच म्हणायचं, हं, टोचा. मग कमी दुखतं."

"खोटं!"

"टोपीची शप्पथ."

सिस्टरने धाकटीला हाक मारली.

"आई, मला गार पाणी हवंय."

"अगं, बाटली भरलेली आहे."

"ते कोमट झालंय. तू जा, मी जाते आत."

टोपीवालीची आई उठली.

"चला ताई, नळ दाखवते. मलाही दर वेळी पाठवते ही. तिथे मनसोक्त रडा, तोंड धुवा, मगच परत या."

आतून आवाज आला, "हं, टोचा!"